चामडं, १ नग

गेल्या महिन्यात कोल्हापुरी चपलांचा नवा जोड घेतला. दुकानदार म्हणाला, "बाई, दोन दिवस एरंडेल चोळा आणि मग घाला. नाहीतर अंगठा सोलून निघेल." रात्री जेवणं आटोपल्यावर गॅलरीत वर्तमानपत्र पसरलं, कापसाचा बोळा तेलात बुडवला आणि चोळायला बसले. तिसऱ्या-चौथ्या हाताला तो वास वर आला. चामडं आणि एरंडेल यांचा एकत्र वास. किंचित आंबूस, घशाशी जड. माझा हात जागच्या जागी थांबला आणि उजव्या तर्जनीचं टोक हुळहुळायला लागलं.

पन्नास वर्षांपूर्वी त्या बोटानं एक भोक बंद करून मी उभी होते. "सोडायचं नाही हं," दादा म्हणत होते. "मी म्हणेपर्यंत बोट हलवायचं नाही." दादा म्हणजे माझे वडील. समोर आमचा फोर्डसन मेजर ट्रॅक्टर, निळ्या अंगाचा, नारिंगी चाकांचा. इंजिनाच्या कुशीला डिझेलचा पंप, पंपाच्या टोकाला डब्याच्या झाकणासारखा गोल गव्हर्नर आणि त्या गव्हर्नरला जोडलेली पेन्सिलीएवढी नळी. ती नळी सोडवून बाजूला केलेली होती. तिच्या तोंडाच्या जागी माझं बोट. दादांची बोटं जाड होती आणि त्यांना भेगा पडलेल्या होत्या. भेगांतून हवा जायची. घरात मऊ कातडीचं, न चिरलेलं बोट माझंच होतं, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. तेव्हा मी बारा वर्षांची होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी भावाला फोन केला. आधी पावसाचं बोललो, मग उसाच्या तोडीचं. मग विचारलं, "मेजर आहे का रे अजून?"

तो क्षणभर थांबला. "ताई, शेड पाडायची आहे. भंगारवाला येऊन बघून गेलाय. पुढच्या रविवारी काट्यावर नेतो म्हणालाय."

मी म्हटलं, "शनिवारी येते."

डिझेल इंजिनाला आवरावं लागतं. अंगावर काम नसेल आणि डिझेल मिळत राहिलं तर ते वेग वाढवत वाढवत स्वतःला फोडून घेतं. काम असेल आणि डिझेल वेळेवर वाढलं नाही तर गुदमरून बंद पडतं. नांगराचा फाळ भुसभुशीत मातीतून जाता जाता चोपणात घुसला की तेवढ्या क्षणात जास्त डिझेल पाहिजे, आणि बांधापाशी नांगर वर उचलला की तेवढ्याच क्षणात कमी. माणसाच्या हाताला हे जमत नाही. ते काम गव्हर्नर करतो. त्या काळच्या बहुतेक इंजिनांत त्यासाठी फिरणारी वजनं असायची. वेग वाढला की वजनं बाहेर फाकतात, दांडा ओढतात आणि डिझेल कमी होतं. आमच्या मेजरमध्ये वजनं नव्हती. तिथं सगळा कारभार हवेच्या ओढीवर चालायचा.

इंजिन जिथून हवा घेतं तिथं एक पडदी होती. ड्रायव्हरच्या हातातल्या रेसच्या दांड्यानं ती कमी-जास्त उघडायची. तिच्याजवळच्या अरुंद जागेतून हवा जोरात गेली की तिथं ओढ तयार व्हायची. ती ओढ बारीक नळीतून गव्हर्नरच्या पोटात यायची. पोटात बशीएवढा गोल चामड्याचा पडदा. त्याच्या एका बाजूला ही ओढ, आणि ओढीच्या विरुद्ध रेटा देणारी स्प्रिंग. पडद्याच्या मध्यावर पंपाचा रॅक जोडलेला, म्हणजे डिझेल किती जायचं ते ठरवणारी दातेरी पट्टी. वेग वाढला की ओढ वाढायची, चामडं मागं सरकायचं, रॅक मागं यायचा, डिझेल कमी व्हायचं. वेग पडला की ओढ सैल व्हायची आणि स्प्रिंग रॅकला पुढं ढकलायची. दोन टनांवरचं लोखंड, चार सिलिंडरांचं इंजिन, आणि त्याचा लगाम एका मऊ चामड्याच्या हातात.

हे मला त्या वयात दादांनी जसं सांगितलं तसंच लिहिलं आहे. फक्त ते 'ओढ' म्हणताना माझ्या बोटाकडं बघायचे.

शाळेत त्याच वर्षी नागरिकशास्त्रात राज्यपाल शिकवले. बाईंनी सांगितलं, इंग्रजीत त्यांना गव्हर्नर म्हणतात. मी मनाशी पक्कं धरलं की राज्यालाही झोके येत असणार आणि कुणीतरी ते सांभाळत असणार. पुढं विज्ञान शिकवण्यात ३१ वर्षं गेली आणि या शब्दाचं मूळ हाती लागलं. ग्रीक भाषेत सुकाणू धरणाऱ्या नावाड्याला जो शब्द आहे, तोच लॅटिनमधून फिरत फिरत गव्हर्नर झाला. १९४८ मध्ये नॉर्बर्ट वीनरनं माणूस, प्राणी आणि यंत्र यांच्या नियंत्रणाच्या शास्त्राला सायबरनेटिक्स हे नाव दिलं, तेही त्याच ग्रीक शब्दावरून. मला नावाडी आवडला. पाण्याचा रेटा त्याला हातात कळतो, आणि कळतो म्हणूनच तो होडी सरळ ठेवतो.

१७८८ साली मॅथ्यू बोल्टननं लंडनच्या अल्बियन मिलमध्ये जात्याच्या दगडांमधलं अंतर सांभाळणारी फिरत्या गोळ्यांची युक्ती पाहिली आणि भागीदार जेम्स वॉटला पत्रानं कळवली. वॉटनं ती वाफेच्या इंजिनावर बसवली. जगभर ती वॉटचा गव्हर्नर म्हणून ओळखली जाते, पण वॉटनं तिचं पेटंट घेतलं नाही. पवनचक्कीवाल्यांकडं ती आधीपासून होती, आणि त्या पवनचक्कीवाल्यांचा वॉटइतका बोलबाला झाला नाही. १८५८ मध्ये मलाय द्वीपसमूहातल्या टर्नाटे बेटावरून आल्फ्रेड रसेल वॉलेसनं डार्विनला जो निबंध पाठवला, त्यात निसर्गाच्या निवडीला त्यानं उपमा दिली ती वाफेच्या इंजिनाच्या गव्हर्नरची. बिघाड डोळ्यांना दिसण्याआधीच तो दुरुस्त करणारं यंत्र, असा त्याचा भाव आहे. आणि १८६८ मध्ये जेम्स क्लार्क मॅक्सवेलनं गव्हर्नरांवर एक शोधनिबंध लिहिला. त्यात त्यानं विचारलं की गव्हर्नर असूनही यंत्र कधी कधी झोके का घेतं, ते झोके कधी विरतात आणि कधी वाढत जातात. हा निबंध मी पहिल्यांदा वाचला तेव्हा समीकरणं सगळी उलगडली नाहीत, पण तो कशाबद्दल बोलतोय हे मला पहिल्या पानावरच कळलं. आमच्या शेडमध्ये ते मी ऐकलं होतं.

१९७५ च्या दिवाळीनंतर मेजर झोके घ्यायला लागला. दादांनी तो दोन वर्षांपूर्वी एका ऊस बागायतदाराकडून जुना घेतला होता. बहात्तरच्या दुष्काळात चाऱ्यावाचून बैल विकावे लागले होते, आणि पुन्हा बैल घेण्याऐवजी दादांनी धाडस केलं. डॅगनहॅमच्या कारखान्यातून निघालेला, आमच्या दारात येईतो मधली किती वर्षं आणि किती हात त्यानं पाहिले कोण जाणे. उभ्या जागी चालू ठेवला की इंजिनाचा आवाज वर चढायचा, खाली यायचा, पुन्हा वर. धाप लागल्यासारखा. दादा उंबऱ्यावर बसून ऐकायचे आणि बोटानं गुडघ्यावर ठेका धरायचे. "मोजतोय," म्हणायचे. "झोका लांबत चाललाय."

तालुक्याहून एक मिस्त्री आणला. त्याच्यावरचा माझा राग पन्नास वर्षांत उतरलेला नाही. त्यानं गव्हर्नर उघडलाच नाही. कमाल वेगाच्या स्क्रूवर तार ओवून शिशाचं सील ठोकलेलं होतं, ते त्यानं पकडीनं तोडलं आणि स्क्रू फिरवला. गव्हर्नरच्या पाठीमागं झोके दाबणारा बारीक स्क्रू असतो, तो पाव आटा फिरवायचा तर त्यानं अडीच आटे आत नेला. उभ्या जागचा आवाज चढला आणि झोके त्या आवाजाखाली दडले. "झालं बघा," म्हणाला. चाळीस रुपये घेऊन, चहा पिऊन गेला. आत चामडं चिरत होतं आणि बाहेर स्क्रूनं त्याचं तोंड बंद केलं. पुढं वर्गात मुलांना ताप आणि तापाचं कारण यांतला फरक सांगताना मला दर वेळी तोच मिस्त्री आठवायचा.

चार दिवसांनी रात्री दादा नदीकाठचं रान नांगरत होते. बांधापाशी त्यांनी क्लच दाबला, अंगावरचं काम उतरलं, आणि त्याच क्षणी चामडं फाटलं. ओढ गेली, स्प्रिंगनं रॅक पार पुढं ढकलला, डिझेल पुरं सुटलं. मी घरात अंथरुणावर होते. अर्ध्या कोसावरून तो आवाज आला. आधी गुरगुर, मग किंकाळी. आई उठून दाराशी गेली. दादांनी स्टॉपची तार ओढली असणार, कारण आवाज जसा चढला तसाच तुटला. नंतर बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. दादा बॅटरी हातात घेऊन चालत आले, पाय धुतले आणि न बोलता बसले. त्या रात्री ते जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी गव्हर्नर उघडला. आतलं चामडं काळं पडून पापडासारखं झालं होतं. दादा नगरला गेले, मग एका ओळखीच्या माणसाकरवी मुंबईला विचारणा केली. सुटं चामडं मिळायचं नाही, अख्खा गव्हर्नर मागवावा लागेल, तोही परदेशातून, सहा महिने लागतील. गव्हाची पेरणी तोंडावर होती.

तेव्हा मोटमामा आले.

मोटमामा गावाच्या पूर्वेला चांभारआळीत राहायचे. दादा त्यांना बुवा म्हणायचे, आम्ही पोरं मोटमामा. त्यांनी पंचक्रोशीतल्या विहिरींच्या मोटा शिवल्या होत्या. मोट म्हणजे कातड्याची मोठी पिशवी, खाली निमुळती सोंड. जाड नाडा बैलांच्या जुवाला, बारीक सोंदूर सोंडेला. बैल धावेवरून उतरले की मोट वर यायची, सोंड थारोळ्यात पडायची आणि पाणी पाटाला लागायचं. मोट आमच्या विहिरीवर मी पाहिली ती फक्त टांगलेली. विहिरीवर ऑईल इंजिन माझ्या जन्माआधीच आलं होतं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ मध्ये लोखंडी नांगर केला, १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली, १९४६ मध्ये पुण्यात ऑईल इंजिनांची कंपनी उभी राहिली, हे सगळं आम्ही शाळेत अभिमानानं शिकलो. विहिरीवर इंजिन आलं, बैलांची पाठ सुटली, मोटकऱ्याची पहाट सुटली, हे खरंच मोठं काम झालं. त्याच इंजिनानं मोटा शिवणाऱ्याचं काम संपवलं, ही ओळ पुस्तकात नव्हती. ती माणसं पुढं काय करत होती, हे आम्हाला कुणी विचारलंही नाही आणि सांगितलंही नाही. मोटमामा वहाणा शिवत होते आणि बैलांच्या गळ्यातले पट्टे करत होते. आता बैलही कमी झाले होते.

ते शेडच्या बाहेर उभे राहिले. "दादा, ट्रॅक्टरात कातडं फाटलं म्हनत्यात. खरं हाय व्हय?"

"या बुवा. बघा."

मामांनी तो काळा पापड हातात घेतला. नखानं खरवडला, नाकाशी नेला, उजेडाकडं धरून वाकवला. चामडं वाळल्या पानासारखं मोडलं. मोडलेल्या कडेचे धागे त्यांनी बोटानं उलगडले. "शेळीचं हाय," ते म्हणाले. "कोरडं पडून मेलं. याला कुनी त्याल दावलं न्हाई. मोट बंद असली तरी आठ दिसाला पान्यात बुडवायची असती, न्हाई तर तिचं लाकूड व्हतं."

दादांनी विचारलं, "होईल?"

"जाडी मोजाया कायतरी द्या."

दादांनी फीलर गेजची पानं दिली. मामांनी ती परत केली आणि जुन्या चामड्याची शाबूत कडा अंगठा आणि तर्जनीत धरली. मग डोळे मिटून नव्या कातड्याची कडा दुसऱ्या हाताच्या बोटांत धरली. असं त्यांनी चार कातड्यांचं केलं. तीन बाजूला ठेवली. चौथं मांडीवर पसरलं, जुन्या चामड्याची गोलाई खिळ्यानं आखली आणि रापी हातात घेतली.

ती रापी मला अजून दिसते. अर्ध्या चंद्रासारखं पातं, मधोमध झिजलेलं. मामा कापत नव्हते, खरवडत होते. पातं जवळपास आडवं धरून कातड्याच्या मागच्या बाजूनं कणाकणानं पापुद्रा काढत होते. मध्यभागी जाड, कडेला जाड, आणि मधल्या कड्यात, जिथं चामडं मागं-पुढं व्हायचं, तिथं पातळ. दर चार हातांनी उजेडाकडं धरायचे. त्या मधल्या कड्यात उजेड सगळीकडं सारखा लालसर दिसेपर्यंत त्यांनी हात थांबवला नाही. आरीनं भोकं पाडली. मधल्या जुन्या लोखंडी चकत्या दादांनी घासून लखलखीत केल्या होत्या, त्या बसवून रिव्हेट ठोकली.

मग चामडं तेलात भिजवायचं होतं. दादा घरात आले आणि मांडणीवरची पितळी वाटी घेऊन गेले. आईनं पाहिलं, काही म्हणाली नाही. मामांनी वाटीत एरंडेल ओतलं, चामडं त्यात दाबलं आणि दोन्ही अंगठ्यांनी बराच वेळ मळलं, कणीक मळावी तसं. रात्रभर ती वाटी शेडच्या कोनाड्यात होती. तोच तो वास.

वाटी पुन्हा घरात आली नाही. कोनाड्यातच राहिली. आईनं मागितली नाही आणि दादांनी आणून दिली नाही. मामांना त्या दिवशी चहा दिला, तो वळचणीला खोचलेल्या कान तुटक्या कपातून. त्यांच्यासाठी तो कप वेगळा होता. तो कप काढून, विसळून, चहा ओतून त्यांच्या पुढ्यात मीच ठेवला. मला कुणी काही शिकवलं नव्हतं, तरी तो कुठं खोचलेला असतो हे मला माहीत होतं. चाळीस रुपयांच्या मिस्त्रीनं घरातल्या कपबशीतून चहा घेतला होता. मिस्त्रीवरचा राग मी इतकी वर्षं सांभाळला. हे दुसरं मात्र मी सांभाळलं नाही, ते माझ्याजवळ आपोआप राहिलं.

सकाळी चामडं बसवलं. आता कसोटी. दादांनी पंपाच्या बाजूचं झाकण काढलं, म्हणजे रॅक दिसायला लागला. स्टॉपचा दांडा दाबून त्यांनी रॅक पार मागं नेला. "लाव बोट." मी भोकावर बोट लावलं. "आता मी दांडा सोडतो. स्प्रिंग रॅकला पुढं ढकलणार. चामड्यानं हवा धरली तर रॅक जागचा हलणार नाही. बोट हलवायचं नाही." त्यांनी दांडा सोडला.

बोटाचं टोक आत ओढलं गेलं. दुखलं नाही. वासरू बोट चोखतं तशी ओढ होती, पण गार आणि एकसारखी. दादा मोजायला लागले. फाटलेल्या चामड्याला एकही आकडा झाला नसता. दादा पाचवर पोचले, दहावर पोचले. मामा शेडच्या बाहेर उभे होते आणि दादांच्या ओठांकडं बघत होते. वीस. रॅक केसभर सरकला होता, तेवढाच. तीसला दादा थांबले. "सोड."

मी बोट उचललं. हवा सुस्स करून आत गेली आणि रॅक खट्कन पुढं आला.

मामा म्हणाले, "धरतंय की."

बाकीचं काम दादांनी कानानं केलं. झोके दाबणारा स्क्रू पार बाहेर काढून पुन्हा पाव-पाव आटा आत घेतला. थंड इंजिनावर काही ठरवायचं नाही, इंजिन तापू द्यायचं, हा त्यांचा नियम. आधी उभ्या जागचा वेग, मग कमाल वेग. नळीच्या जोडाला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली, कारण तिथून कणभर हवा आत आली तरी चामड्याला खोटी बातमी मिळते. दांडा एकदम पुढं करून एकदम मागं घेतला. आवाज खाली आला, एकदा डुलला, स्थिर झाला. तोडलेल्या सीलच्या जागी त्यांनी तांब्याची तार पिळून बांधली आणि तिच्या टोकाला शिशाचा मणी ठोकला. पुढं ऊस वाहतुकीच्या हंगामात ड्रायव्हर मागं लागायचे, "दादा, जरा रेस वाढवून द्या, दोन खेपा जास्त होतील." दादांनी तो मणी कुणाला तोडू दिला नाही.

मेजर त्या चामड्यावर २१ वर्षं चालला. दर पाडव्याला दादा गव्हर्नर उघडायचे, चामड्याला एरंडेल द्यायचे आणि मला हाक मारायचे. मी कॉलेजात गेले, लग्न झालं, पाडव्याला माहेरी आले की आधी शेडमध्ये. माझ्याही बोटांना पुढं भेगा पडल्या. मग माझ्या लेकीचं बोट लावलं. मोटमामा वाटेनं जाताना ट्रॅक्टर दिसला की थांबायचे. मला वाटायचं, ते ट्रॅक्टर बघतात. १९९६ मध्ये भावानं नवा ट्रॅक्टर घेतला आणि मेजर शेडमध्ये गेला. मामा त्याच्या आधीच गेले होते. मी पुण्यात होते. मला कुणी कळवलं नाही, आणि कळवायला हवं होतं असं कुणाला वाटलंही नसेल.

शनिवारी गावी पोचले. भावानं शेडचं दार ओढलं. मेजरचे टायर बसले होते, निळा रंग उडून खालचं लोखंड दिसत होतं. कोनाड्यात वाटी होती. काळी पडलेली, तळाशी तेलाचा डिंक झालेला.

"पाना आण," मी भावाला म्हटलं. "आणि थोडं डिझेल."

पंपाचं झाकण निघायला अर्धा तास गेला. रॅक जाम होता. चामडं धरतंय की रॅकच गंजून बसलाय हे आधी ठरवायला हवं होतं, नाहीतर कसोटी खोटी ठरली असती. डिझेल सोडत, दांडा हलवत भावानं दोन तास घातले. शेवटी रॅक मागं-पुढं सरकायला लागला. नळी सोडवली. माझं बोट आता दादांच्या तेव्हाच्या बोटांसारखंच झालंय, म्हणून भावाच्या नातीला बोलावलं. ती नऊ वर्षांची आहे. "सोडायचं नाही हं," मी म्हटलं. भावानं दांडा सोडला. तिनं डोळे मोठे करून माझ्याकडं पाहिलं. "आजी, ओढतंय."

मी मोजलं. अकरा. बाराव्याला रॅक सरकायला लागला. जवळपास तीस वर्षं तेल न मिळालेलं चामडं अकरापर्यंत धरून होतं.

संध्याकाळी दादांच्या खर्चाच्या वह्या काढल्या. १९७५ ची वही मिळाली. दादांचं अक्षर बारीक, रकाने सरळ. डिझेल. मिस्त्री, चाळीस रुपये. नगर जाणे-येणे. एरंडेल, पाव शेर. पाव शेर एरंडेलाचीसुद्धा नोंद आहे. चामड्याची नाही. सुगीला मामांना बलुत्याची बाजरी जात होती, त्यात ते धरलं असेल. मामांनीही मागितलं नसेल. पण दादा एकेक पैसा लिहिणारे होते आणि दादा चांगले होते. त्या पानावर ती ओळ नाही, ती का नाही हे मला कळतं, आणि कळतं म्हणूनच ते पान मला पुढं उलटवेना.

भावाला विचारलं, "मोटमामांचं नाव काय होतं?" त्याला सांगता आलं नाही. भावजयीलाही नाही. मेजरचं मॉडेल, तो कुणाकडून घेतला, त्याचे टायर कितीदा बदलले, हे सगळं घरात पाठ आहे.

मामांची नात तालुक्याच्या गावी नर्स आहे. रविवारी सकाळी तिच्याकडं गेले. तिनं घरात बोलावलं, बसायला दिलं, चहा केला. मी आले कशाला ते सांगितलं आणि नाव विचारलं. तिनं सांगितलं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. मग म्हणाली, "आजोबा आम्हाला रस्त्यावर नेऊन दाखवायचे. तुमचा ट्रॅक्टर चालला की म्हणायचे, ते बघा, आपलं चामडं चाललंय."

परत आले तेव्हा भंगारवाल्याचा टेम्पो दारात होता. गव्हर्नर तेवढा मी काढून घेतला होता, बाकी मेजर काट्यावर गेला. वाटी घासून, कल्हई करून घेतली. ती आता माझ्या स्वयंपाकघरात तेलाची वाटी आहे आणि रोज हाताशी लागते.

वहीच्या त्या पानावर, मिस्त्रीच्या चाळीस रुपयांच्या आणि पाव शेर एरंडेलाच्या मध्ये एक ओळ बसेल एवढी जागा होती. तिथं मी मामांचं पूर्ण नाव लिहिलं. पुढं लिहिलं: चामडं, शेळीचं, १ नग. आणि रकमेच्या रकान्यात: देणे बाकी.